खालचं घर

पावसाळा निम्मा सरला होता. सकाळी म्हातारा खाटेवरून पाय खाली सोडून उठायला गेला आणि तसाच पुन्हा बसला.

"पाणी कुणी सांडलं?" तो म्हणाला. उभा जन्म सॉमिलमध्ये करवतीच्या आवाजात गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो साधं बोलणंही ओरडूनच बोलायचा.

"सांडलं नाही, मामंजी," सून म्हणाली आणि फडकं घेऊन आली.

पत्रा गळतोय की काय म्हणून तिने वर पाहिलं. पत्रा कोरडा होता, भिंतही कोरडी होती. तिने कोबा पुसला, फडकं दाराबाहेर पिळलं आणि चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत खाटेखाली पुन्हा ओलं झालं होतं. ती वाकून बघत राहिली. सिमेंटच्या कोब्याला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी वर येत होतं. घाम फुटावा तसं. आवाज नाही, काही नाही.

तिला सगळे धाकटी म्हणत. भावाच्या पाठची म्हणून लहानपणी पडलेलं नाव. लग्न झालं, पोरगी दहावीला गेली, केसात चांदी दिसायला लागली, तरी ती धाकटीच राहिली. नवरा बापासारखाच सॉमिलवर कामाला. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत हे चौघं राहत. उन्हाळ्यात मालकाने सांगितलं, खोल्या पाडून दुसरी शेड घालायची आहे, आपापली सोय बघा. तेव्हा धाकटीचा दादा आपण होऊन आला होता. उतारावर वरच्या अंगाला त्याचं राहतं घर आणि खालच्या अंगाला हे जुनं, बंद पडलेलं. "घरचं घर असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जाता?" तो म्हणाला होता. मग होतं नव्हतं ते सगळं त्याच्या हातावर ठेवून त्यांनी खालचं घर घेतलं. भिंतींना चुना दिला. दाराला नवी कडी बसवली. दादा धाकटीच्या लग्नानंतर या घरात दोन वर्षं राहिला होता आणि मग वर नवं बांधून गेला होता. का गेला, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"कुठून येतंय?" नवऱ्याने विचारलं.

"खालून."

तो उकिडवा बसला. चिरेवर अंगठा दाबून धरला. पाणी अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी आलं. मग तो उठला, डबा घेतला आणि कामाला गेला.

धाकटी बटाट्याच्या गोदामात निवडायचं काम करी. ढिगाच्या भोवती बायका बसायच्या, किडका एका बाजूला, हिरवा एका बाजूला, चांगला पोत्यात. बटाटे थंडगार असत. दुपारपर्यंत बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी होऊन जायची. तिच्या समोर एक जाडजूड बाई बसायची, तिला सगळ्या मावशी म्हणत.

"आलं का पाणी खालच्या घरात?" मावशीने सहज विचारलं.

धाकटीच्या हातातला बटाटा हातातच राहिला. "तुम्हाला काय माहीत?"

"दरसाल येतं. यंदा पावसानेच दडी मारली होती, म्हणून उशीर झाला. उपळ आहे तिथे. जमिनीतूनच येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बहीण-भावाच्या मध्ये कोण तोंड घालणार, बाई? उद्या तुम्ही दोघं एक व्हाल आणि मी वाईट ठरेन." मावशीने एक बटाटा पोत्यात टाकला. "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल. भाऊच तो."

बाकीच्या बायकांनी खाली मान घालून निवडणं चालू ठेवलं. सगळ्यांना माहीत होतं. धाकटीने हातातला बटाटा पाहिला. चांगला होता. तो तिने किडक्यात टाकला, मग उचलून पोत्यात टाकला.

संध्याकाळी ती वर गेली. उतारावर चिखल झाला होता, पाय घसरत होते. दादा पडवीत बसून पायाची नखं काढत होता. वहिनीने खुर्ची आणून ठेवली. आजवर माहेरी तिला कुणी खुर्ची दिली नव्हती, ती सरळ आत जाऊन बसायची.

"घरात पाणी येतंय, दादा."

"उमळतं थोडं," दादा म्हणाला. "चार दिवस. मग बसतं."

"तुला माहीत होतं."

"प्रत्येक घरात काहीतरी असतं. कुठे वाळवी, कुठे ओल."

"तू सांगितलं नाहीस."

दादाने नखं गोळा करून हाताने पडवीखाली लोटली. "सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"मग. दुसऱ्याला दाखवून पाहिलं मी. लोक पावसाळ्याचंच विचारतात. आणि परक्याला तसंच विकलं असतं, तर त्याने येऊन माझी गचांडी धरली असती."

"आणि मी?"

"तू माझी बहीण आहेस," दादा म्हणाला. तो हे प्रेमाने म्हणाला की कसं, ते तिला कळलं नाही. बहुधा प्रेमानेच.

"परत घे म्हणतात हे."

"कशाने घेऊ? त्या पैशाचा ट्रॅक्टर झाला. तो आता धुऊन पुसून तुला परत देऊ?"

वहिनी आतून म्हणाली, "चहा घेणार का, वन्सं?"

"नको," धाकटी म्हणाली. उतरताना तिला वाटलं, आता राग येईल. घरी पोचेपर्यंत ती वाट बघत होती. राग आला नाही. नुसता चिखल चपलेला चिकटून पाय जड झाले होते.

"काय म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

"चार दिवस येतं म्हणाला."

चार दिवसांत ते खोलीभर झालं. सकाळी उठल्याबरोबर पोरगी आणि ती ताटलीने पाणी घमेल्यात भरत, दारातून बाहेर फेकत आणि मग एक शाळेत, एक गोदामात जाई. संध्याकाळी परत तेच. धान्याचे डबे विटांवर चढले. विटांवर फळ्या, फळ्यांवर अंथरुणं. नवऱ्याने मिलमधून कडेच्या फळ्या आणून दारापासून शेगडीपर्यंत वाट केली. पोरगी त्यावरून चालताना हात पसरून तोल सांभाळी. पहिल्या दिवशी ती हसली होती. नंतर नुसतीच चालायला लागली. कपडे वाळत नव्हते, काडेपेटी पेटत नव्हती, पुस्तकांची पानं फुगून जाड झाली होती. भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीवर काळी रेघ आली आणि चुना पापुद्र्यांनी सुटून पाण्यावर तरंगू लागला.

गवंडी आणला. त्याने चीर फोडून रुंद केली, कसलीशी पावडर घालून सिमेंट भरलं आणि वर फिरवून गुळगुळीत केलं. दोन दिवस तिथून पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मोरीच्या कोपऱ्यातून आलं.

"मी आधीच म्हणत होतो," गवंडी म्हणाला. तो आधी काहीच म्हणाला नव्हता. "त्याला वाट द्या. घराच्या वरच्या अंगाने चर काढा कमरेएवढा, ओढ्यापर्यंत. घराखाली शिरायच्या आधीच उचलायचं त्याला."

घराच्या वरच्या अंगाला चार पावलांवर दादाचा बांध होता. बांधापलीकडे मका. चर ओढ्याला न्यायचा तर मक्यातूनच जाणार होता. या वेळी नवरा स्वतः विचारायला गेला. धाकटी मागे उभी राहिली.

"मका निघू दे, दाजी," दादा म्हणाला. "मग बघू."

"मका निघेपर्यंत पाऊसच जाईल."

"मग तर प्रश्नच मिटला."

दादा हसला नाही. त्याने ते व्यवहाराचं म्हणूनच सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने टिकाव आणि फावडं घेतलं आणि घरामागे आपल्या हद्दीत खणायला सुरुवात केली. तो कमी बोलणारा माणूस होता. करवतीवर एक बोट गमावलं, तेव्हासुद्धा तो आधी मशीन बंद करून मग म्हणाला होता, "लागलं." तो खणत होता, धाकटी घमेली भरभरून बाजूला टाकत होती. वरचा थर चिखल, त्याखाली पिवळी चिकणमाती, फावड्याला चिकटून सुटत नव्हती. दर वेळी ती हाताने ओरबाडून काढावी लागे. पाऊस भुरभुर चालूच होता. दुपारी चर बांधापर्यंत आला. नवरा थांबला, पाठ सरळ केली, बांधाकडे पाहिलं आणि टिकाव बांधात घातला.

दादाला वरून दिसलं असावं. तो डोक्यावर पोतं घेऊन आरामात आला.

"दाजी, बांध फोडलात."

"फोडला."

"माणसाने विचारायचं असतं."

"विचारलं होतं."

"मग उत्तरही ऐकायचं असतं." दादा बांधावर बसला. "भरा तो."

नवरा टिकाव धरून उभा होता. त्याच्या पायाला मांडीपर्यंत पिवळी माती होती. धाकटीला वाटलं, आता काहीतरी होईल. नवऱ्याने टिकाव खाली ठेवला, फावडं उचललं आणि बांधाची माती परत बांधावर ओढायला लागला. दादा बसून होता. पोतं डोक्यावरून नीट करत होता.

"तिथे दाबा अजून. पोकळ राहिलंय."

नवऱ्याने पायाने माती दाबली.

"अजून."

त्याने अजून दाबली. धाकटी रिकामं घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. पोरगी मागच्या दारातून बघत होती, तिला आत जा म्हणायचंही तिला सुचलं नाही. बांध पहिल्यासारखा झाल्यावर दादा उठला. जाता जाता म्हणाला, "पोरीला सर्दी होईल. दारात उभी राहू देऊ नका."

त्या संध्याकाळी नवऱ्याने फळीवर बसून जेवण केलं, हात पाण्यातच धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. धाकटीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती. तिचा हातही गार होता, त्यामुळे कुणाचं काय ते कळलं नाही.

म्हाताऱ्याला खोकला लागला. खाट विटांवर चढवली होती, तरी उठता-बसताना पाय पाण्यात पडायचेच. तळवे पांढरे पडले, कातडी सुरकुतून सुटायला लागली. एका सकाळी धाकटी त्याचे पाय पुसत होती आणि अंगठ्याजवळची कातडी फडक्याला लागून आली. म्हाताऱ्याला कळलंच नाही.

तिने फडकं घडी करून ठेवलं.

"अहो, खाटेला हात लावा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठे न्यायची?"

"वर."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने खाटेचं एक टोक धरलं. पुढे नवरा, मागे ती, खाटेवर म्हातारा रजई पांघरून बसलेला, मागून पोरगी उशी आणि औषधाची बाटली घेऊन. चिखलात दोनदा खाट टेकवावी लागली. दादा पडवीत चहा पीत होता. त्यांनी खाट त्याच्यासमोर कोरड्या जमिनीवर ठेवली.

"मामंजींना इथे ठेवते," धाकटी म्हणाली. "खाली कोरडी जागा नाही."

दादाचा कप हातात राहिला. वहिनी दारात आली. "अहो वन्सं, पण असं एकदम..."

"जागा बरी आहे," म्हातारा ओरडून म्हणाला. "वारा येतो."

शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून बघत होती. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठेवा."

संध्याकाळी धाकटी स्वतःचं आणि पोरीचं अंथरुण घेऊन आली. म्हाताऱ्या माणसाला परक्या घरी एकटं कसं ठेवणार. दुसऱ्या दिवशी नवरा गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी डबे आले. कुणी भांडलं नाही. धाकटी पहाटे उठून वहिनीच्या आधी अंगण झाडी, स्वतःचा स्वयंपाक पडवीच्या कोपऱ्यात करी, भांडी घासून पालथी घाली आणि गोदामात जाई. रस्त्यात कुणी विचारलं तर सांगे, "माहेरी आलेय थोडे दिवस."

"सासऱ्याला घेऊन माहेरपणाला आलेली पहिलीच बाई बघितली मी," मावशी गोदामात म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. धाकटीला पण हसू आलं, पण ते तोंडापर्यंत येऊन थांबलं.

दादाच्या घरात आता पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्याचा खोकला घरभर ऐकू येई. तो दादाशी ओरडून गप्पा मारायचा, कोणतं लाकूड किती वर्षं टिकतं, कोणतं पाण्यात कुजतं. दादा हं हं करायचा. नवरा आणि दादा एकाच पडवीत बसून जेवत आणि एकमेकांच्या ताटाकडे बघत नसत. वहिनी भांडी आपटून ठेवायला लागली. रस्त्याने जाणारे दादाला मुद्दाम हाक मारून विचारत, "काय, पाहुणे का?"

एकदा दादाने धाकटीला नळावर गाठलं.

"किती दिवस?"

"मका निघेपर्यंत," ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. तेच ठरलं होतं, म्हणून तेच सांगितलं. दादा तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी शोधत असल्यासारखा. मग बादली उचलून निघून गेला.

एके दिवशी उजाडताच मक्यात विळ्याचा आवाज आला. धाकटी पडवीत उठून बसली. दादा एकटाच उभा मका कापत होता. कणसं अजून दुधात होती. तो कापून धाटं बाजूला टाकत होता, घराच्या मागून ओढ्याकडे, हात-दोन हात रुंद पट्टा. वहिनी दारात येऊन बघत उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

नवऱ्याने चूळ भरली. कोपऱ्यातला टिकाव घेतला आणि उतारावरून खाली गेला. दादाच्या मागे, जिथला पट्टा मोकळा झाला होता तिथे, त्याने खणायला सुरुवात केली. धाकटी घमेलं घेऊन गेली. त्या दिवशी ती गोदामात गेली नाही, नवरा मिलला गेला नाही. पुढचे काही दिवस जाण्याआधी आणि आल्यावर ते खणत राहिले. दादा मात्र दिवसभर तिथेच असे. पिवळी माती त्याच्याही फावड्याला चिकटे आणि तोही ती हाताने ओरबाडून काढी. एकदा फावड्याचा दांडा मोडला, तेव्हा नवऱ्याने मिलमधून नवा तासून आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

चिकणमाती संपली आणि खाली बारीक खडी लागली, तेव्हा पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. ते चरात जमलं, थोडा वेळ घोटाळलं आणि ओढ्याच्या दिशेने निघालं. दादा त्यात पोटरीपर्यंत उभा होता.

"झालं आता?" तो म्हणाला.

"झालं," धाकटी म्हणाली.

कापलेल्या मक्याकडे तिने पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, किंवा बरं. तिने घमेलं पाण्यात विसळलं.

आठवडाभराने खालचा कोबा कोरडा पडला. आधी मधोमध एक फिकट डाग दिसला, मग तो पसरत भिंतींना गेला. नवऱ्याने फळ्या काढून दारामागे रचल्या. काळी रेघ भिंतीवर राहिलीच, तिच्यावर चुना बसत नव्हता. टाकी खाली गेली, डबे गेले, अंथरुणं गेली. शेवटी खाट न्यायला दोघं वर आले, तर म्हातारा उठेना.

"मी नाही येत."

"घर कोरडं झालंय, बाबा," नवरा त्याच्या कानाशी म्हणाला.

"असेल. मी इथे बरा आहे." त्याने पाय रजईत ओढून घेतले. तळव्यांना नवी गुलाबी कातडी आली होती. "मला परत पाण्यात उतरवू नका."

नवरा अवघडून उभा राहिला. दादा गुरांना पाणी दाखवत होता, त्याने मागे वळून पाहिलं.

"राहू दे त्यांना," तो म्हणाला.

म्हातारा राहिला. पण त्याला परक्या घरचं जेवू कसं घालायचं, म्हणून धाकटी सकाळी कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ताट घेऊन वर जायची. त्यामुळे दादाच्या दारात रोज दोनदा जाणं आलं. एरवी ती वर्षभर गेली नसती. ताट खाटेवर ठेवायचं, म्हाताऱ्याचं होईपर्यंत पडवीच्या कडेला टेकायचं, रिकामं ताट घेऊन उतरायचं. वहिनी आत काम करत असे. दादा असला तर म्हणे, "आज लवकर सुटलीस." ती म्हणे, "हो." कधी तो म्हणे, "पाणी वाहतंय अजून चरातून." ती म्हणे, "वाहतंय." एकदा पोरगी ताट घेऊन गेली, तर परत येऊन म्हणाली, "मामा विचारत होता, आई का नाही आली."

पाऊस उघडला तरी उतार निसरडाच होता. एकदा वर जाताना तिचा पाय सटकला. ताट पडलं नाही, पण वरण हातावर सांडलं आणि मनगट भाजलं. पडवीतून दादाने पाहिलं. तिने हात पदराला पुसला आणि ताट नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तेव्हा दादा उतारावर वाकून पायऱ्या खणत होता. ओढ्यातले चपटे दगड आणून एकेका पायरीवर बसवत होता आणि वर उभा राहून, हलतो का बघत होता. तिला पाहून तो बाजूला झाला. ती पायऱ्यांच्या कडेने, गवतातून वर गेली आणि तशीच खाली आली. दुसऱ्या दिवशीही. बरेच दिवस ती तशीच जात राहिली. गवत दबून तिथे वेगळी पाऊलवाट झाली.

मग एका संध्याकाळी म्हाताऱ्याला ताप होता, म्हणून तिने गरम पाण्याचं पातेलंही सोबत घेतलं. दोन्ही हात गुंतले होते आणि पायाखालचं दिसत नव्हतं. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. दगड पक्के होते. ती वर पोचली, तेव्हा दादा पडवीत उभा होता. त्याने तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

"वरून तिसरी थोडी हलते," ती म्हणाली.

"उद्या बघतो," दादा म्हणाला.